शेवटचं वाक्य

एक लिहिणारी, एक नाचणारी, एक गाणारी अशा तिघी मैत्रिणींनी मिळून रचलेल्या नाटकाला काही केल्या शेवट सापडत नव्हता, आणि प्रयोग तर आठ दिवसांवर आला होता. तालमी त्या मोबाइलवर रेकॉर्ड करत, आणि लिहिणारी घरी ऐकून संवाद उतरवून काढी.

त्या दुपारी ऐकताना मध्येच एक चौथा आवाज आला. बाईचाच, संथ. एकच वाक्य, पण शेवटाला अगदी चपखल बसणारं.

तिने ते दोघींना ऐकवलं.

"तूच बोलली असशील," नाचणारी म्हणाली.

"मी तेव्हा पाणी आणायला गेले होते गं."

गाणारीने ते पुन्हा एकदा ऐकलं. "कुणाचं का असेना, वाक्य झकास आहे. घेऊन टाकू. ते तू म्हण."

दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी घालून त्यांनी शेवटच्या प्रवेशाची तालीम सुरू केली. लिहिणारीची पाळी आली. ती तोंड उघडणार, तोच तिच्या अगदी शेजारून ते वाक्य ऐकू आलं.

दोघी पुढचे संवाद बिनचूक म्हणत राहिल्या.

"अगं थांबा, मी अजून बोललेच नाही," ती म्हणाली.

दोघींपैकी कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही. त्या तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून कौतुकाने हसत होत्या.