एकशे वीस खुणा

मानसतज्ज्ञ बाईंनी तिसऱ्यांदा तेच पान उलटलं आणि क्रेनवाल्याच्या तळहातांना घाम फुटला.

त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. याच हातांनी घात केला होता. महिन्यापूर्वी सळयांचा भारा हवेत असताना वारा उठला, भारा हेलकावला आणि खालच्या मिस्त्रीच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. मिस्त्री बचावला. पण दुसऱ्या दिवसापासून शिडीची पहिली पायरी धरली की क्रेनवाल्याचे हात थरथरायला लागत. कंपनीने सांगितलं, आधी मानसतज्ज्ञांचा शेरा आणा, मगच वर चढा. नाहीतर कोठारात बसून खिळे वाटा. बावीस वर्षं आभाळात बसून खालच्यांना मुंग्या म्हणणाऱ्या माणसाला कोठारात बसवणं म्हणजे माशाला झाडावर चढवणं.

बाई पंधरवड्यातून एकदाच येत, म्हणून चाचणीचा कागद घरी भरून आणायचा होता. एकशे वीस वाक्यं, प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण. ‘मला लहानसहान गोष्टींची धास्ती वाटते’ हे पहिलंच वाक्य वाचून त्याची पाचावर धारण बसली. खरं लिहावं तर कोठार. खोटं लिहावं तर पकडले जाणार, कारण असल्या कागदात सापळे पेरलेले असतात, असं वायरमनने त्याला ठासून सांगितलं होतं. मग त्याला नको ती अक्कल सुचली. उत्तरं खरीच हवीत ना? मग खरोखर शांत असलेल्या माणसाची द्यावीत. असं माणूस घरातच होतं.

त्याची बायको म्हणजे डोक्यावर बर्फाची लादी. भारा हेलकावला त्या दिवशी हा घरी येऊन ढसाढसा रडला, तेव्हा ती पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली तेव्हाही हुंदके यानेच दिले. ती दारात कोरड्या डोळ्यांनी उभी होती.

“माझ्या नावाचा कागद तू भर,” तो तिला म्हणाला होता. “माझा विचार करू नकोस. तुला वाटतं तेच लिही.”

“मला?”

“हो. अगदी खरं खरं.”

तिने हात पुसले, भांडी तशीच ठेवली आणि दोन तास कागद घेऊन बसली. पाकीट चिकटवून त्याच्या हातात देताना म्हणाली, “बरे प्रश्न आहेत हो. असं कुणी विचारत नाही.” त्याने ते न उघडताच खिशात घातलं.

“ही उत्तरं तुमचीच ना?” बाईंनी आता विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. “माझीच. आणखी कुणाची असणार?”

“अगदी मनापासून दिली आहेत. कुठेही लपवाछपवी नाही.”

त्याला हायसं वाटलं. तोंडी उत्तरं कागदाशी जुळली की गंगेत घोडं न्हालं. तो मनातल्या मनात बायकोच्या जागी जाऊन बसला.

“झोप कशी आहे?”

“लवकर जाग येते. मग खिडकीशी बसतो. बरं वाटतं.”

“राग येतो?”

“पूर्वी यायचा. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.” हे वाक्य बायकोचं होतं, जसंच्या तसं. आपल्या स्मरणशक्तीवर तो खूश झाला.

बाईंचं पेन थांबलं. “घरात काही आवराआवर केलीत?”

हा कसला प्रश्न, हे त्याला कळेना. पण उत्तर तयार होतं. “केली की. कपाटं रिकामी केली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. उगाच कुणाला शोधाशोध नको.”

“कुणाला काही देऊन टाकलंत?”

बायकोने गेल्याच आठवड्यात शिवणयंत्र भावजयीला दिलं होतं. “हत्यारांची पेटी मेहुण्याला दिली,” त्याने बेमालूम बदल केला.

बाई उठल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. बिंग फुटलं, असं त्याला वाटलं. दडवलेले हात मांडीवर येऊन थरथरायला लागले.

“बाई, हे हात एवढ्यात...”

“हातांची काळजी सोडा,” बाई मऊ आवाजात म्हणाल्या. “भीती वाटते तो माणूस जगायला धडपडत असतो. शरीर त्याला सावध करतं, म्हणून हात कापतात. त्यावर उपाय आहे. थोड्या दिवसांत तुम्ही वर चढाल.”

“म्हणजे मी पास?”

बाईंनी कागद त्याच्यापुढे फिरवला. “मला धास्ती वाटते ती या कागदातल्या माणसाची. याला कशाचीच भीती उरलेली नाही. इतकी शांत उत्तरं मी नोकरीत दोनदाच वाचली आहेत, आणि दोन्ही वेळा मला उशीर झाला होता.”

त्याने पहिल्यांदाच तो कागद पाहिला. बाईंचं बोट एका ओळीवर होतं. ‘माझ्यावाचून घरच्यांचं काही अडणार नाही.’ पुढे ‘हो’वर खूण होती, नीटनेटकी, जराही न डगमगता केलेली.

“आज मी तुम्हाला एकटं सोडणार नाही,” बाईंनी फोन उचलला. “या वेळी घरी कोण असतं?”



“बायको,” तो म्हणाला. “एकटीच.”