एकदाच उघडणारी कुपी

आईची गंधकुपी तेराव्याला उघडायचं ठरलं, तेव्हा सुनेत्राला आधी आपल्या नाकाची काळजी लागली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्याने आईच्या अंगाचा वास त्या बोटभर काचेत भरून दिला होता. हल्ली सगळ्यांचाच देतात. पण कुपी एकदाच उघडते, आणि वास घटकाभरही टिकत नाही.

सुनेत्राचं नाक लहानपणापासून चोंदलेलं. तपासण्या झाल्या, ॲलर्जी कसलीच निघाली नाही. गार वारा, धूर, मिरचीची फोडणी, काहीही पुरायचं. आईला कसला वास येतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. आज मात्र सकाळपासून वाफ घेऊन घेऊन तिने एक नाकपुडी मोकळी केली होती.

धाकट्या हेमंतने झाकण पिरगळलं, तशी मावशीने हात जोडले आणि सवयीने आईच्या फोटोसमोर उदबत्ती पेटवली.

"मावशी, अगं धूर!" सुनेत्रा ओरडली.

मावशी उदबत्ती घेऊन बाहेर धावली, पण तोवर नाक गच्च बंद झालं होतं. सुनेत्राने कुपी नाकाला लावून जिवाच्या आकांताने श्वास ओढला. काहीच नाही.

"तू तरी घे," ती भावाला म्हणाली. "आणि मला सांग."

हेमंतने डोळे मिटले. कुपी नाकाशी धरून त्याने खोल श्वास घेतला.

"ओवा," तो म्हणाला. "ताई, तव्यावर भाजलेला ओवा. तुझं नाक शेकायला ती रोज रात्री पुरचुंडी करायची ना, त्याचा. दुसरा कसलाच वास नाही."