ढक्कन

भिवंडीत अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये जीपच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला दीपेशने पाहिला आणि तो मुकाट्याने खिडकीबाहेरचे कंटेनर बघत बसला. बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवलं होतं मृणालीने, आणि ती मागच्या सीटवरून त्याच्या मानेवर नजर ठेवून होती.

"बाबांच्या जीपला नावं ठेवायची नाहीत," तिने बजावलं होतं. "एक शब्द बोललास तर लग्न विसर."

जीप चालवत होते तिचे बाबा, दौलतशेठ. अंजूरच्या त्यांच्या शेतांवर आता गोदामं उभी होती, दारात नव्या गाड्या होत्या. पण जावई पारखायचा तो याच जुन्या जीपमध्ये, हा त्यांचा हट्ट. टेमघरला दीपेशच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर त्याला गाडीत घातलं, तेव्हापासून ते एकटेच बोलत होते. पोरगा नुसता "हो काका" आणि "बरोबर काका". शेठचं मत जवळजवळ झालंच होतं.

"पोर गुनाचा हाय," आरशात बघून ते लेकीला म्हणाले, जसं काही पोर गाडीत नव्हतंच. "पन त्याला आवाज न्हाय. घरात चार मानसं बोलाय लागली तर हा काय करंल? भित्तीला टेकून उभा र्‍हाईल?"

मृणालीने पुढची सीट घट्ट धरली. बाबा एकदा नाही म्हणाले की तो विषय घरात पुन्हा निघत नसे.

तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. "तापली जराशी. म्हातारी हाय," असं म्हणत शेठनी जीप कडेला घेतली, खाली उतरून बॉनेट उघडलं, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि ते रेडिएटरवर वाकले.

दीपेशही उतरला. झाकणाकडे लक्ष गेलं आणि तो पुढे झुकला. झाकणाखालून चामड्याची कड डोकावत होती. मूळचं रबर झिजलं म्हणून शेठनी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, जुन्या पट्ट्यातून चामड्याचा गोल वायसर कापून बसवला होता. भिवंडीत चपलेपासून नळापर्यंत काय वाट्टेल ते लूमच्या चामड्यावर चालतं. रेडिएटर मात्र त्यावर चालत नाही. त्याच्या झाकणात स्प्रिंग असते; पाणी फार तापलं की ती उचलली जाते आणि जास्तीचा दाब बाजूच्या नळीतून निघून जातो. इथे चामड्याने ती वाटच बुजवली होती. थोडी वाफ कडेने निसटली तरी बाकी सगळा दाब आतच कोंडलेला, आणि त्याच्यावर शेठचा चेहरा.

शेठनी झाकण दाबून थोडं फिरवलं. मागे कंटेनरवाले हॉर्नवर हात ठेवून बसले होते. "काका, जरा..." दीपेश म्हणाला. ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. शेठनी आणखी जोर लावला.

"ढक्कन!" दीपेश ओरडला. "ओ काका! ढक्कन!"

आवाज सगळ्या हॉर्नच्या वर गेला. टपरीवरची माणसं वळली. एका रिक्षावाल्याने तर रिक्षाच बंद केली. गाडीत मृणालीने कपाळावर हात मारला, कारण भिवंडीच्या रस्त्यात हा शब्द कुणी एवढ्या मोठ्याने बोललं की तो झाकणाला उद्देशून नसतो, समोरच्याच्या अकलेला असतो.

दौलतशेठ सरळ झाले. झाकण तसंच अर्धवट सोडून ते तरातरा दीपेशच्या अंगावर आले.

"कोनाला ढक्कन बोलतंस रं? मना? अंजूरच्या दौलतला?"

"तुम्हाला नाही हो काका, त्या..."

फाट्दिशी आवाज झाला. झाकण उडून बॉनेटवर आपटलं आणि ठणठणत रस्त्यावर गेलं. पाठोपाठ गंजाचं तांबडं, उकळतं पाणी उसळलं. आत्ता जिथे शेठ वाकले होते तिथे वाफेशिवाय काही दिसेना.

शेठचा हात हळूच स्वतःच्या गालावर गेला. "तोंड गेला असता रं माझा," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता.

आणि दीपेशचा आवाज काही केल्या थांबेना. "गाडी थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नसतो काका! आणि चामडं? चामडं कोण लावतं? अहो, रबर गेलं की झाकणच नवं टाकायचं! पाणी बघा कसं तांबडं झालंय, आतून सगळं सडलं असणार! काटा तर केव्हाचा लाल रेघेवर होता!"

"मंग तवाच का न्हाय बोल्लास?"

दीपेशने गाडीकडे पाहिलं. मृणालीला अचानक मोबाईलमध्ये महत्त्वाचं काम निघालं होतं.

इतक्यात तो रिक्षावाला बाह्या सरसावत आला. "चचा, इसने आपको ढक्कन बोला ना? हम सब सुने हैं. बोलिए, दो हाथ लगा दें?"

शेठनी दीपेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोरगा अजून रागाने रेडिएटरकडे बोट दाखवत होता, आणि तो राग आपल्यासाठी आहे हे शेठना कळलं. त्यांना एकदम फार बरं वाटलं.

"जा रे, तू तेरा काम कर," ते रिक्षावाल्याला म्हणाले. "घर का मामला है. जमाई है अपना."

रिक्षावाला हिरमुसून परत गेला. मृणालीचा मोबाईल सीटखाली पडला. काय करावं ते न सुचून दीपेशने खाली वाकून रस्त्यावर पडलेलं झाकण उघड्या हाताने उचललं. ते चांगलंच तापलेलं होतं, पण हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.