दोन काप

"मामा, माळ मधोमध तोडली तर मोती सगळे हिच्याकडे जातील," थोरली भाची धाकटीकडे बघत कुरकुरली.

माझ्या गेलेल्या बहिणीची मोती-पोवळ्यांची माळ मी सतरंजीवर सरळ पसरली. "पोरींनो, मणी दोन प्रकारचे असले की दोन्ही निम्मे-निम्मे वाटायला योग्य जागी दोनच काप पुरतात. मधला तुकडा एकीचा, कडेचे दोन्ही दुसरीचे."

काप दिले. "आता वाटे अदलाबदल करा. कुणाचं काही कमी झालं नाही, तर वाटणी खरी." दोघींनी मणी मोजले. तक्रार उरली नाही.

आतून अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या वडिलांनी हाक मारली. धाकटी सवयीने उठली. "ताई, आपणही अदलाबदल करू. वर्षभर तू बाबांचं कर, मी पुण्याला तुझ्या घरी राहते."

थोरली हसली. "मामा, हिला गणित कधी जमलंच नाही," म्हणाली आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.