चार टाक्यांचा जोड

सुज्ञ वाचकहो, चाकणच्या एका कारागिराने जाणूनबुजून कच्चा ठेवलेल्या जोडाचा वृत्तान्त मी येथे यथामती कथन करीत आहे. प्रसंग लहान आहे, गुरुवारच्या एका दुपारचा आहे. तो आपण शांत चित्ताने ऐकावा.

गुरुवार हा आठवड्याच्या सुट्टीचा वार असल्यामुळे औद्योगिक वसाहतीतील वीज सकाळपासून बंद होती. मीरासाहेबांच्या वर्कशॉपातील वेल्डिंगचे मशीन मुके पडले होते. दारात नवनाथशेठची जीप उभी होती आणि तिच्या मागे मीरासाहेबांनी स्वहस्ते घडविलेली नवी ट्रॉली जोडलेली होती.

नवनाथशेठ हे कंपन्यांना कामगार पुरविणारे ठेकेदार. मीरासाहेबांचा जावई, म्हणजे त्यांच्या आरफाचा नवरा, अजिम हा शेठच्याच यादीवर होता. सात महिने भरताच त्याला ब्रेक मिळाला होता, म्हणजे कामावरून घरी बसविले होते, आणि तो पुन्हा कामावर लागणार की नाही, हे शेठच्या एका शब्दावर होते. म्हणून शेठने ट्रॉलीचे काम आणले तेव्हा मीरासाहेबांना नाही म्हणता आले नाही.

शेठने सहलीला जायचे आहे असे सांगितले होते. परंतु जीपच्या सीटच्या मागे बंदूक अडकेल असे रबरी कप्पे, ट्रॉलीच्या तळाला उतार, आणि धुतलेले पाणी वाहून जाण्यासाठी कोपऱ्यात भोक, एवढे करून दिल्यावर कारागिराला निराळे सांगावे लागत नाही. आपल्या हातच्या लोखंडावर मुक्या जनावरांचे रक्त सांडणार, हा विचार मीरासाहेबांना सोसेना. बुधवारी संध्याकाळी त्यांनी ट्रॉलीच्या दांड्याला हूक बसविताना सलग वेल्डिंग न करता नुसते चार टाके मारले आणि वरून काळा रंग दिला. रानातल्या पहिल्या खड्ड्यात जोड तुटून ट्रॉली बसेल आणि मंडळी हात हलवीत परत येतील, असा त्यांचा हिशेब होता. ट्रॉलीत बर्फाची पेटी आणि बॅटरी याखेरीज काही असणार नाही, असे शेठनेच सांगितले होते.

"चाचा, ती साखळी काढा बरं," शेठ म्हणाले. "लई वाजती. रानात ससा सोडा, झाडंबी जागी व्हत्याल."

"शेठ, साखळी लागतेच. हूक निसटला तर तीच धरून ठेवते."

"तुमचा हूक निसटंल? अख्ख्या चाकणात नाव हाय तुमचं!"

साखळीवाचून मीरासाहेबांनी आजवर एकही ट्रॉली दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. आज मात्र त्यांनी पाना घेतला आणि ती आपल्या हातांनी सोडली.

"आता फोन हितंच ठेवायचे," शेठ जीपमधल्या दोघा सोबत्यांना म्हणाले. "येकाचाबी संगं नको."

तेवढ्यात वर्कशॉपामागच्या घरातून अजिम बाहेर आला. त्याच्या पायांत कंपनीचे जुने सेफ्टी शूज होते. त्याने आपला फोन मीरासाहेबांच्या हातावर ठेवला.

"अब्बा, हा आरफाकडं द्या. उद्या सकाळी येतो म्हणावं."

आणि चाकावर पाय देऊन तो ट्रॉलीत चढला. बॅटरीसाठी म्हणून केलेल्या लोखंडी स्टँडवर बसला आणि त्याने मोठा सर्चलाइट मांडीवर घेतला.

मीरासाहेब ट्रॉलीपाशी आले. "तू कुठं निघालास?"

"लाइट मारायला, अब्बा. शेठनी शब्द दिलाय. सोमवारपासनं परमनंटच्या यादीत नाव."

"शेठ, स्टँड बॅटरीसाठी म्हणाला होतात तुम्ही."

"बॅटरीबी ऱ्हाईल, जावईबी बसंल. घाट उतरलं की कामच काय? नुसता उजेड पाडायचा."

"अजिम, उतर खाली," मीरासाहेब म्हणाले. "एक जोड राहिलाय. उद्या लाइट आली की मारून देतो."

शेठचे हसू थांबले. ते जीपमधून खाली उतरले आणि ट्रॉलीच्या दांड्यापाशी येऊन उभे राहिले.

"राहिलाय म्हंजे? कुठला जोड? आन् का राहिला?"

अजिमने सासऱ्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. "अब्बा, नका ना."

मीरासाहेबांनी हुकाकडे पाहिले, शेठकडे पाहिले. खरे उत्तर त्यांच्या जिभेवर आले होते.

"रंग," ते म्हणाले. "रंग ओला आहे अजून."

"हात्तिच्या! वाळंल की वाऱ्यानं!" शेठने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि जीप सुरू केली.

कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर ट्रॉली हातभर उडाली. मीरासाहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती जीपच्या मागेच होती. चारही टाके टिकले होते. घाट अद्याप पुढे होता.

तेव्हा त्यांनी जमिनीवरची साखळी उचलली आणि ते धावत सुटले. "थांबवा! जोड कच्चा आहे! मीच कच्चा ठेवलाय!"

जीपच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेले नाही. अजिमला एवढेच दिसले की, सासरे निरोप द्यायला रस्त्यावर आले आहेत. त्याने हसून भर उन्हात सर्चलाइट लावला आणि त्यांच्या दिशेने दोनदा हलविला.

जीप वळणाआड गेली. बंद कंपन्यांच्या भिंतींमधून तो रस्ता सरळ आणि निर्मनुष्य पडला होता. मीरासाहेब धावतच होते, आणि त्या रस्त्यावर आता फक्त साखळी वाजत होती.

येथवर सोबत केलीत, याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

कोंडाजी येळवंडे, निघोजे