ठशांचं मडकं

"ओठ अजून जाड करा हो. आफ्रिका वाटली पाहिजे!" रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला. हमीदाने मुखवट्याच्या ओठांवर मातीचा आणखी एक थर चढवला. आफ्रिका तिने पाहिली होती ती टीव्हीवर. तिचं सिद्दी घराणं पिढ्यानपिढ्या मुरूडचं.

समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून घराण्याबरोबर आलेली एकच खूण उरली होती, मडक्याच्या गळ्याभोवती दाबलेली अंगठ्याच्या ठशांची माळ. पण पाहुण्यांना ठशांचं काय! त्यांना मुखवटे हवे असत, आणि मुखवट्यांवरच चूल पेटत होती. हमीदाने मडकं घडवून वर्षं लोटली होती.

यंदा उरुसाला दर्ग्यात ठेवायचं पाण्याचं मडकं मुलीने हट्टाने स्वतः घडवलं, भाजलं आणि आईपुढे आणून ठेवलं. त्याला जाड ओठ होते, वटारलेले डोळे होते.

"अम्मी, अगदी आपल्या पद्धतीचं झालंय ना?"

मुलीचा चेहरा उजळला होता. "हो गं," हमीदा म्हणाली, आणि तिचा अंगठा आपोआप मडक्याच्या गुळगुळीत गळ्याशी गेला. तिने जोर लावून दाबला.

भाजलेल्या मातीने दाद दिली नाही.