सर्वात खालचा वेग

खंडेनवमीला धुळ्याच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरची पूजा होते आणि त्या दिवशी त्याला सुट्टी असते. या एका सर्व्हरच्या पोटात मी बारा आभासी कॉम्प्युटर चालवतो. काम नसलं की प्रोसेसरचा वेग मी वरूनच उतरवतो. इतक्या सफाईनं हे करणारा जिल्ह्यात मी एकटाच.

ऑफिसातल्या सुलक्षणानं सर्व्हरला झेंडूची ताजी माळ घातली, माझ्यापुढे वाफाळता चहा ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसली.

"कुंदनभाऊ, वेग उतरवला की आतल्या कॉम्प्युटरना कळतं का हो?"

"अजिबात नाही," मी ऐटीत म्हणालो. "त्यांना सगळं नेहमीसारखंच वाटतं. हे बघ."

मी वेग सर्वात खाली नेला. सर्व्हरच्या पंख्याची घरघर मंदावली. शाबासकीच्या अपेक्षेनं मी तिच्याकडे वळलो.

तिची खुर्ची रिकामी होती. ती दारात उभी होती आणि तिच्या अंगावर दुसरीच साडी होती.

"हलले," ती फोनवर कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होती, "भाऊंनी आत्ता मान हलवली."

मी कपाकडे हात नेला. तळाशी चहाचा नुसता डाग उरला होता. माळेतला झेंडू वाळून काळा पडला होता.

मला मात्र सगळं नेहमीसारखंच वाटत होतं.